लाल शेपूट

कतारमध्ये मी आठ वर्षं काढली. त्यातल्या पहिल्या हिवाळ्यानंतर मला माझ्या नावाने हाक मारणारा एकही माणूस उरला नाही. सगळे मला 'हिमालय' म्हणायचे. हे नाव ठेवलं मालवणकडच्या एका फिटरने. त्याचं आणि माझं पहिल्या आठवड्यापासून वाकडं होतं, आणि आज चाळीस वर्षांनी लिहितानासुद्धा त्याचा चेहरा डोळ्यांपुढे आला की माझे दात आवळले जातात. तरी लिहितो, कारण चूक कुणाची होती हे मी अजून कुठे कबूल केलेलं नाही.

मी साताऱ्याकडचा. आमच्या गावात घरटी एक माणूस पलटणीत जातो. मीही गेलो, पंधरा वर्षं काढली आणि पेन्शन घेऊन परत आलो. घरी बसून माशा मारणं मला जमेना. आणीबाणी उठली त्याच्या दुसऱ्या वर्षी गावातल्या एका ओळखीच्याने कतारचं काम जमवून दिलं. सिमेंटचे ब्लॉक पाडायचा कारखाना, दोह्याबाहेरच्या मुऐदरच्या पलीकडे, उघड्या माळावर. मला वाळूच्या यार्डाचा मुकादम केलं, कारण मला ओरडता येतं.

वाळू दक्षिणेकडच्या टेकड्यांवरून ट्रकने यायची आणि यार्डात तिचा ढीग पडायचा. ढीग म्हणजे दोनमजली घराच्या उंचीचा डोंगर. त्याच्या पायथ्याशी जमिनीत एक खड्डा होता, खड्ड्यात पट्टा. लोडरवाला पायथ्याची वाळू बादलीने खड्ड्यात ढकलायचा आणि पट्टा ती मिक्सरपर्यंत वाहून न्यायचा. पट्टा ज्यावरून फिरतो त्या खालच्या टोकाच्या ड्रमवर वाळू साचली की पट्टा अडायचा. मग कुणीतरी फावडं घेऊन डोंगराच्या अगदी पायथ्याशी वाकून ती काढायची. ते काम त्याच फिटरचं. दिवसातून आठ-दहा वेळा तो त्या वाळूच्या भिंतीखाली जायचा.

पहिल्या महिन्यात मला त्यात वावगं काही दिसलं नाही. मग थंडी आली. तिथली थंडी म्हणजे आमच्याकडच्या पौषातल्या पहाटेएवढी, पण समुद्रावरून दमट हवा यायची आणि सकाळी सगळं ओलं असायचं. एकदा न्याहारीच्या सुट्टीत आम्ही सगळे शेडमध्ये असताना बाहेर 'धप्' असा आवाज झाला. मोठा नव्हता. आतल्या खोलीत कुणी गव्हाचं पोतं टाकावं एवढाच. बाकीचे खात राहिले. माझ्या हातातला चहा मात्र सांडला, कारण तो आवाज मी ओळखत होतो.

तो मी काश्मीरमध्ये, एका खिंडीवरच्या चौकीत ऐकला होता. आमच्या गावाकडे लोकांना वाटतं की बर्फ म्हणजे वरून कापूस पडतो आणि पडून राहतो. बर्फ पडून राहत नाही. तो आतल्या आत बदलत असतो. हे मला तिथल्या एका हमालाने शिकवलं. तो आमचं रॉकेल आणि शिधा चौकीपर्यंत पोचवायचा. उतार ओलांडायच्या आधी तो फावड्याने कमरेएवढा खड्डा खणायचा, त्याची एक बाजू सुरीने कापल्यासारखी साफ करायचा आणि वरपासून खालपर्यंत हाताने चाचपत जायचा. एका थरात पूर्ण मूठ जायची. त्याच्या खालच्यात चारच बोटं. त्याच्या खालच्यात एक बोट. आणि कधी कधी अगदी तळाला, जमिनीलगत, पुन्हा मूठ जायची. तिथला बर्फ जाड साखरेसारखा रवाळ असायचा, मुठीत दाबला तरी त्याचा गोळा होत नसे. असा रवा तळाला आणि वर वाऱ्याने ठोकून बसवलेली टणक फरशी असली की तो हमाल फावडं खांद्यावर टाकायचा आणि मागे वळायचा. मग कुठल्याही साहेबाने हुकूम केला तरी तो पुढे जात नसे.

कारण फरशीवर चालताना पायाखाली पक्की जमीन असल्यासारखं वाटतं, आणि तेच फसवं. आतला रवा बसला की 'धप्' होतं. त्यानंतर फरशी तडकते आणि अख्खा उतार निघतो. पुस्तकात त्याला हिमस्खलन म्हणतात, आम्ही 'बर्फ सुटला' म्हणायचो. वारा ज्या अंगाने येतो ते अंग उघडं पडतं आणि उलट्या अंगाला बर्फाची भर पडत राहते, म्हणून धोका नेहमी आडोशाच्या बाजूला असतो. ऊन उतारावर यायच्या आत ओलांडून व्हायचं. एका वेळी एकच माणूस. बंदुकीचा पट्टा सैल, पाठीवरचं ओझं एका झटक्यात टाकता येईल असं. आणि प्रत्येकाच्या कमरेला बारा-पंधरा हात लांब लाल दोरी, मागे फरपटत. माणूस गाडला गेला तरी दोरी हलकी असते, ती वर राहते. जिथे लाल दिसेल तिथून दोरी धरून खणत जायचं, दुसऱ्या टोकाला माणूस असतो.

माझ्या दोरीच्या टोकाला मी होतो.

आमच्या तुकडीने उशीर केला होता आणि ऊन उतारावर आलं होतं. मी मधोमध असताना पायाखाली 'धप्' झालं. नंतर फक्त गुरगुर, आणि मग काहीच नाही. काळोख. वर कुठे आणि खाली कुठे तेही कळेना. तोंडातली थुंकी कानाकडे ओघळली, तेव्हा समजलं की मी कुशीवर आहे. हात हलेना, ओरडलं तरी आवाज तोंडापाशीच थांबे. तिथे मी मुतलो. लाज वाटायला वेळ नव्हता. उलट मांडीला ऊब लागली तर बरं वाटलं. मग मी आईला हाक मारायला लागलो, तिशी उलटलेला माणूस, नायक हुद्द्याचा. दोरीचा वीतभर तुकडा वर राहिला होता, म्हणून त्यांनी मला जिवंत काढलं. मला उभं केलं, तर पॅन्टचा पुढचा भाग तिथल्या तिथे गोठून पत्र्यासारखा कडक झाला होता. त्यावर एक जण हसला, मग सगळेच हसले. पोरं वाईट नव्हती, भेदरलेली होती. पण पुढे दोन वर्षं त्या पॅन्टीची गोष्ट पलटणीत फिरत राहिली, आणि माझी बदली झाली तिथेही ती माझ्या आधी पोचली होती.

ही गोष्ट कतारमध्ये कुणाला म्हणजे कुणाला कळू द्यायची नाही, हे मी विमानात बसतानाच ठरवलं होतं.

तर त्या सकाळी मी चहा टाकून बाहेर धावलो. डोंगराच्या भिंतीचा एक भाग सुटून खाली आला होता, नेमका ड्रमवर. मी लोखंडी सळई घेऊन भिंतीत ठिकठिकाणी खुपसून बघितली. रात्रीच्या दवाने आणि वाळूतल्या खारटपणाने वरची हातभर जाडीची साल टणक झाली होती. सळई जोर लावून आत घुसवावी लागे, आणि एकदा साल ओलांडली की ती सुळकन कोपरापर्यंत आत जाई. आत कोरडा रवा. लोडर खालून वाळू खात होता आणि वर साल नुसती लटकत होती. हा तर माझा जुना वैरी, फक्त रंग बदलून आला होता. दुपारी ऊन लागलं की साल सुकून भुरभुरते हेही मी दोन-चार दिवसांत बघून घेतलं.

आमचा साहेब पुण्याचा इंजिनियर. बायकोमुलांसह दोह्यात राहायचा, माणूस वाईट नव्हता पण घाईचा. मी त्याला सगळं समजावून सांगितलं. तो म्हणाला, "अहो मुकादम, हे कतार आहे. इथे कुठला बर्फ आणता?"

"साहेब, थर त्योच हाय. वरनं कडक आन् आत पोकळ."

"बरं, मग काय करायचं म्हणता?"

"रोज लोडरनं वरची साल पाडून घ्यायची. ऊन आलं की खाली मानूस न्हाई. आन् खाली जाईल त्येच्या कमरंला दोरी."

"साल पाडायला रोज तासभर जाणार. ते जमायचं नाही. दोरी बांधा हवी तर. पट्टा थांबता कामा नये, एवढंच बघा."

म्हणजे तिन्हींतलं सगळ्यात कुचकामी तेवढं मला मिळालं. वाळूत दोरी वर राहते की नाही हे मला ठाऊक नव्हतं. पण मला दोरीने वाचवलं होतं, त्यामुळे त्यावर मी कधी विचारच केला नाही. शुक्रवारी दोह्याला गेलो, मच्छीमारांचं सामान विकणाऱ्या दुकानातून लाल नायलॉनची दोरी आणली आणि बारा-बारा हातांचे तुकडे केले.

दुसऱ्या दिवशी फिटरच्या अंगावर एक तुकडा टाकला. "कमरंला बांध. खाली जाताना मागं सोडायची."

त्याने दोरी दोन बोटांत धरून वर केली. "कित्याक?"

"बांध म्हनलं की बांधायची. कशाला, काय, इचारायचं न्हाई."

"मी काय वांदर आसंय, शेपटी लावून फिराक?"

यार्डातले सगळे हसले. तो माणूस हसवण्यात पटाईत होता. पाच फुटांचा, काटक, बोलताना एक भुवई वर जायची. बिघडलेली मोटर तो कान लावून दुरुस्त करी, हे मान्य करायला मला कष्ट होतात, पण खरं आहे. त्या दिवसापासून दोरीचं नाव शेपूट पडलं. "कुत्र्याचं शेपूट नळयेत घातलं तरी वाकडां," असं म्हणत तो माझ्यासमोरून दोरी फरपटत जाई आणि कमरेत लचकून दाखवी. संध्याकाळी कॅम्पवर त्याचं चाले, "ह्या हिमालयाक सांगा रे कोनीतरी, हय बर्फ फक्त सरबतात गावता."

मी त्याला समजावून सांगायला हवं होतं. बर्फाचं सगळं सांगत होतो, थर, वारा, ऊन, हमालाचं चार बोटांचं माप. जेवताना, अंघोळीच्या रांगेत, जिथे कुणी सापडेल तिथे. नाव उगाच पडलं नव्हतं. पण 'दोरीने काय होतं?' असा प्रश्न आला की मी शिवी घालायचो. कारण दोरीने काय होतं हे सांगायचं तर पॅन्टीपर्यंत जावं लागलं असतं. मला जे ठाऊक होतं ते मी सांगत नव्हतो, आणि लोकांनी ऐकावं अशी अपेक्षा करत होतो. गड्यांना वाटायचं की दोरी म्हणजे माझा काहीतरी नवस आहे, नाहीतर वेड.

त्यात मी आणखी एक घाण केली. एका दुपारी फिटर त्या भिंतीच्या सावलीत, अगदी पायथ्याशी, टोपी तोंडावर घेऊन झोपलेला मला दिसला. माझं डोकं फिरलं. त्याला दंडाला धरून उठवलं, तसाच साहेबापुढे उभा केला आणि कामावर झोपतो म्हणून तक्रार केली. मला भीती वाटली होती हे मी बोललो नाही. साहेबाने सगळ्यांदेखत त्याला माफी मागायला लावली. त्याने मागितली. मग माझ्याकडे बघितलं, आणि त्या वेळी भुवई वर गेली नाही. त्यानंतर त्याने माझ्याशी चेष्टासुद्धा सोडली. आम्ही एकाच खोलीत, समोरासमोरच्या खाटांवर झोपायचो, आणि सबंध वर्ष एकमेकांशी बोललो ते फक्त यार्डात: "दोरी?" "बांधलंय."

दुसऱ्या हिवाळ्यात पाऊस आला. तिथे पाऊस क्वचित, पण आला की जमीन पाणी घेत नाही. दोन दिवस काम बंद राहिलं. तिसऱ्या दिवशी उत्तरेचा वारा सुटला, तो दोन दिवस वाहिला, तेव्हाही काम बंदच. पाचव्या सकाळी मी यार्डात गेलो तर डोंगराचा रंग बदललेला होता. उत्तरेकडून उडालेली कोरडी वाळू आडोशाच्या अंगाला, म्हणजे बरोबर पट्ट्याच्या बाजूला, येऊन साठली होती. पावसाने भिजून घट्ट झालेली भिंत सरळ उभी, आणि तिच्या माथ्यावर ही नवी भर. सळई खुपसली. साल दीड हाताची झाली होती आणि आत रवा.

मी साहेबाकडे गेलो. "आज खाली कुनी जायचं न्हाई. आधी पाडून घिऊ."

"मुकादम, चार दिवसांच्या ब्लॉकच्या गाड्या तुंबल्यात. खाडीपलीकडच्या बांधकामांवरून फोनवर फोन येताहेत. यल्ला, चला, सुरू करा."

"साहेब, मानूस मरंल."

"तुमची ती दोरी आहे ना?"

माझ्याच दोरीने माझं तोंड बंद झालं. मी एवढंच मागून घेतलं की नऊ वाजले की, ऊन भिंतीवर आलं की, पट्टा थांबेल. तो हो म्हणाला. मी यार्डात येऊन फिटरला सर्वांसमोर बजावलं, "आज दोरी सोडलीस तर तंगडी मोडीन." त्याने दोरी उचलली आणि खाली गेला.

मी वर मिक्सरच्या ओट्यावर उभा होतो. तिथून खालचं अर्धंच दिसे. आठच्या सुमारास ड्रम अडला. फिटर खाली वाकला, मला त्याची पाठ दिसली, मग तीही खड्ड्याच्या कडेआड गेली. वाळूवर लाल दोरी सरळ पडलेली दिसली. माझा जीव भांड्यात पडला. मी दोरी बघितली, माणूस बघितला नाही.

'धप्'.

भिंत आधी मधोमध फुगली. मग साल पत्र्यासारखी तडकली आणि सगळी बाजू बसली. धुरळा शेडच्या वर गेला. मी ओट्यावरून उडी मारली, गुडघा फुटला हे नंतर कळलं. धुरळ्यात मला लाल दिसलं. वाळूच्या वर हातभर दोरी राहिली होती. खरंच राहिली होती! मला त्या क्षणी आनंद झाला, हे लिहायला लाज वाटते. जिंकल्यासारखं वाटलं.

"हितं! हितं खना!" मी तिथे फावडी घेऊन तिघांना जुंपलं.

लोडरवाला पेशावरकडचा एक पठाण होता, बोलणं कमी. तो लोडरवरून ओरडत धावत आला. आमच्यापासून दहा-बारा पावलं अलीकडे, ड्रमजवळ गुडघ्यावर बसला आणि हातांनी वाळू उपसायला लागला. "उधर नहीं! इधर! आदमी इधर था, मैंने देखा है!"

"रस्सी इधर है, अंधा है क्या?" मी ओरडलो.

"रस्सी छोड़ो! मैंने देखा है!"

गड्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "खना!" त्यांनी खणलं. दोरी धरून आम्ही खाली गेलो, कमरेएवढं, छातीएवढं. कोरडी वाळू काढली तेवढीच पुन्हा घसरत होती. माझ्या फावड्याला लाकूड लागलं. मी हात घातला, ओढलं. फावड्याचा दांडा होता. दोरी त्याला बांधलेली होती, व्यवस्थित दोन गाठी मारून.

त्याने फावडं बाजूला वाळूत रोवून ठेवलं होतं आणि स्वतः पान्याने ड्रम मोकळा करत होता. फावडं वाहत गेलं, माणूस जागेवर राहिला. दोरीने आपलं काम चोख केलं होतं.

मी पळत पठाणाकडे गेलो. त्याच्या नखांतून रक्त येत होतं. त्याने कोपरभर खड्डा केला होता आणि त्यात टोपी दिसत होती. आम्ही पाचही जणांनी हात घातले. आधी डोकं निघालं. चेहरा राखेच्या रंगाचा, तोंड वाळूने भरलेलं. पठाणाने तोंडात बोटं घालून वाळू काढली. काही झालं नाही. त्याने फिटरच्या पाठीत गुद्दे घातले, शिव्या घातल्या, पुन्हा गुद्दे. मग एक घरघर आली, खोकला आला आणि तो माणूस ओरडला. आयुष्यात त्याचा आवाज मला कधी गोड लागला नव्हता, तेवढा एकदाच.

सगळा बाहेर काढून सावलीत ठेवला तेव्हा मला दिसलं. पॅन्ट पुढून ओली होती, मांडीपर्यंत. गडी जवळ येत होते. बघणाऱ्यांत कुणाच्या तरी तोंडावर ते येऊ घातलं होतं, भेदरलेल्या माणसाचं हसू. मी ते ओळखलं. शेडच्या खांबाला प्यायच्या पाण्याचा मोठा डबा टांगलेला असायचा. मी तो ओढून काढला आणि डोक्यापासून पायापर्यंत सगळा त्याच्यावर ओतला.

तो थरथर कापत बसला. "आदी वाळयेत पुरलंस, आता पान्यात बुडवतंस काय रे हिमालया?"

त्याचा खांदा मोडला होता आणि छातीत वाळू गेली होती. साहेबाने स्वतःच्या गाडीत घालून दोह्याच्या इस्पितळात नेलं. दुसऱ्या दिवसापासून रोज लोडरने साल पाडायला तासभर मिळू लागला. त्याबद्दल कुणी मला शाबासकी दिली नाही आणि मला ती नको होती. ते चार दिवस मी समोरच्या रिकाम्या खाटेकडे बघत होतो. मी पठाणाचं ऐकलं असतं तर किती आधी तो बाहेर आला असता हे मला कळत होतं. आणखी थोडा वेळ गेला असता तर मीच त्याला मारला असता.

गुरुवारी दुपारी मी एकटा इस्पितळात गेलो. त्याने मला बघून मान फिरवली. मी खाटेशेजारच्या स्टुलावर बसलो आणि सांगितलं. आवाज खाली ठेवून, पण सगळं सांगितलं. उशीर, ऊन, काळोख, थुंकी कानाकडे ओघळली ते, मांडीला ऊब लागली ते, आईला मारलेल्या हाका, गोठलेली पॅन्ट. त्याआधी आणि त्यानंतर मी एवढं सलग कधी बोललो नाही. तो भिंतीकडे तोंड करून ऐकत होता.

शेवटी म्हणाला, "पानी कित्याक वतलंस, ता माका तेवाच कळलां."

मी स्टूल खाटेच्या आणखी जवळ ओढलं.

"पन ह्या आदी सांगलं असतंस तर दोरी कमरेक बांधलंय असतंय. तू सांगूक नाय, म्हनान मी बांधूक नाय."

"कुनाला बोलू नगंस एवढं," मी म्हणालो. मी तरी आणखी काय म्हणणार?

त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. सबंध वर्षानंतर त्याची भुवई वर गेली.

शुक्रवारी कॅम्पवरचे सगळे पिकअपमध्ये बसून त्याला भेटायला गेले. मी गेलो नाही. दुपारी पिकअप परत आला तो हसण्याच्या आवाजासकट. मी खोलीच्या दारात उभा होतो. मला बघताच सगळे चिडीचूप झाले, आणि मग मागून कुणीतरी फिटरच्याच आवाजाची नक्कल करत म्हणालं, "हिमालय बर्फात मुतलो!" पिकअप हलायला लागला एवढे ते हसले. मी दार लावून घेतलं. त्या मालवण्याने सूड घेतला होता, आणि खांदा बरा झाल्यावर त्याचा दुसरा खांदा मी मोडायचा असं मी ठरवलं. तसं काही झालं नाही. तो इस्पितळातूनच घरी गेला, त्याची पेटी दुसऱ्या कुणीतरी भरली. पुन्हा आमची गाठ पडली नाही.

शनिवारी सकाळी मी भांडायच्या तयारीने यार्डात गेलो. ज्याच्या तोंडावर हसू दिसेल त्याला धरायचा असं ठरवूनच. लोडर माथ्यावरची साल पाडत होता. पठाणाने लोडरवरून मला सलाम केला, त्याच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या. खाली जायची वेळ झाली होती आणि शेडपाशी चार गडी उभे होते. मी अजून तोंड उघडलं नव्हतं.

चौघांच्याही कमरेला लाल दोरी होती. गाठ पुढे, शेपूट मागे. एक जण दुसऱ्याची गाठ ओढून बघत होता, घट्ट आहे का म्हणून. मला बघून तो खोकला, शेजारचा फिस्सकन हसला, आणि मग चौघेही हसत सुटले.

मी आईवरून एक शिवी हासडली. ते हसतच खाली गेले, एका वेळी एक जण, दोऱ्या मागे फरपटत.